तीनशे पौंड

सहावं उकडलेलं अंडं डार्नेलच्या घशाखाली उतरेना. समोर मक्याची लापशी थंड पडली होती आणि तिच्यावर लोण्याचा पिवळा तवंग धरला होता. नुसत्या वासानेच त्याला ढवळून आलं. उन्हाळाभर हेच चाललं होतं. भूक नसताना खायचं, ओकारी आली की थांबायचं, आणि पुन्हा खायचं. अन्नाची ही विटंबना आजीने पाहिली असती तर पाठीत लाटणंच घातलं असतं.

"गिळ रे, गिळ," कोल्बी म्हणाला. "माझी हाडं तुझ्या पोटाच्या भरवशावर आहेत."

कोल्बी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात, आणि त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांना अडवायला पुढे पाच धिप्पाड पोरांची फळी. त्यात डाव्या टोकाची जागा सगळ्यात नाजूक, कारण तिकडून येणारा कोल्बीला दिसतच नाही. गेल्या मोसमात एकदाच डार्नेलला तिथे उभं केलं होतं. समोरच्या रेड्याने त्याला पडद्यासारखा बाजूला सारला आणि कोल्बीच्या खांद्याचं हाड मोडलं. कोल्बी त्यावर अवाक्षर बोलला नाही. तेच डार्नेलला जास्त खुपत होतं.

यंदा डार्नेलचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. ही जागा आता मिळाली तर मिळाली. हॉलिस कोचनी मे महिन्यातच बजावलं होतं, "तीनशे पौंडांच्या खाली एकही पोरगा माझ्या फळीत उभा राहणार नाही." आज सरावाचा पहिला दिवस. दुपारी वजन, संध्याकाळी संघ जाहीर.

आणि डार्नेलचा काटा काही केल्या तीनशेला टेकत नव्हता. शेवटी त्याने आजोबांच्या मासेमारीच्या पेटीतली शिशाची वजनं एका पट्ट्यात शिवली आणि तो पट्टा कमरेला बांधून वर ढगळ चड्डी चढवली. आरशात बघून त्याला स्वतःचीच किळस आली. पण अंड्यांची त्याहून जास्त येत होती.

फळीतल्या जागांसाठी आलेल्या पाच जणांना कोच एकेक करून खोलीत बोलवत होते. डार्नेलच्या आधी रॉइस आत गेला होता. एवढा आडदांड गडी, पण बाहेर आला तो मान खाली घालून.

"काय झालं रे? कमी भरलं?"

"जा आत. तुझं तू बघ," रॉइस म्हणाला आणि कचऱ्याच्या डब्यात पचकन थुंकून निघून गेला.

आत कोच सूर्यफुलाच्या बिया चघळत बसले होते. टरफलं थुंकून थुंकून त्यांनी कागदी पेला अर्धा भरला होता. त्यांनी मानेनेच खूण केली. डार्नेल काट्यावर चढला.

तीनशे चार.

त्याने श्वास सोडला. कोचनी मात्र तोंड वाकडं केलं.

"वाटलंच मला."

"सर, तीनशेच्या वर आहे की!"

"तेच तर रडगाणं आहे पोरा. खेळायची पद्धतच बदलतोय आम्ही. कालच ठरलं. आता नुसती पळापळ. जड पोरं अर्ध्या सामन्यातच धापा टाकायला लागतात. दोनशे नव्वदच्या वर जो असेल तो बाकावर." कोचनी आणखी एक टरफल थुंकलं. "डावी बाजू तुलाच द्यायची होती रे. वाईट वाटतं."

ती अंडी, ती लापशी, सकाळ-संध्याकाळच्या त्या ओकाऱ्या, सगळं पाण्यात गेलं होतं! मग एकाएकी डार्नेलच्या डोक्यात उजेड पडला. लाज वाटत होती, पण लाज गेली चुलीत.

"सर, एक मिनिट. रागावू नका हं. मी थोडी लबाडी केलीय."

त्याने चड्डीखालचा पट्टा सोडून धाडकन टेबलावर ठेवला आणि पुन्हा काट्यावर उडी मारली.

"हे बघा! दोनशे अठ्ठ्याऐंशी! बसतोय की नाही मी?"

कितीतरी दिवसांनी तो असा मनापासून हसला.

कोचनी काट्याकडे पाहिलंच नाही. मेलेला उंदीर उचलावा तसा त्यांनी तो पट्टा दोन बोटांनी उचलला आणि टेबलाचा खण ओढला. आत डंबेलच्या चकत्या होत्या, वाळूची पुरचुंडी होती, दोरीत ओवलेले जाड नटबोल्ट होते. त्यांनी पट्टा त्यांच्यावर टाकला.

"पद्धत-बिद्धत काही बदललेली नाही," ते म्हणाले. "पाचांत तू चौथा. जा, राहिलेल्याला पाठव."