मालक डोळा

टिटवीने हेल्मेट, हातमोजे आणि बेसबॉल संघाचा शर्ट बाकावर एकावर एक रचून ठेवले आणि ती मावशीच्या मागे जाऊन उभी राहिली. लांब पायांमुळे संघातल्या पोरींनी तिला हे नाव दिलं होतं. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, आज तिने मावशीला पुढे केलं होतं.

"ही खेळ सोडतेय," शेवटी मावशीच म्हणाली. "दीड महिन्यात एक चेंडू बॅटला लागला नाही म्हणते. घरी धड जेवत नाही, धड बोलत नाही."

संघाच्या मास्तरांनी बाकावरच्या शर्टाकडे बघितलं. ही पोरगी आली तेव्हा असा फटका हाणायची की जाळीपलीकडचा वॉचमन खुर्ची उचलून लांब जाऊन बसायचा. फक्त तिचं उभं राहणं बघवत नव्हतं. पुढचा पाय बाहेर काढून, छाती नि तोंड सरळ चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे करून, जणू दारात उभं राहून भांडण उकरून काढतेय. तीस वर्षं मुलांना बॅट धरायला शिकवणारा माणूस हे कसं खपवून घेणार? त्यांनी जमिनीवर खडूने रेघ मारली आणि तिचे दोन्ही पाय रेघेवर आणून ठेवले. डावा खांदा पिचरकडे, अंग आडवं. आता ती अगदी चित्रातल्यासारखी उभी राहायची आणि चेंडू तिच्यासमोरून निघून जायचा.

"जायचंच असेल तर दहा चेंडू खेळून जा," मास्तर म्हणाले.

संघाच्या पिचरने दहा चेंडू टाकले. दहाच्या दहा मागच्या जाळीत गेले. बाकीच्या पोरी बुटांच्या नाड्या बांधण्यात फारच गुंतल्या.

मावशीला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बावीस वर्षं लोकांचे चेहरे वीतभर अंतरावरून न्याहाळत आली होती. आताही ती बॅटकडे बघतच नव्हती, भाचीच्या तोंडाकडे बघत होती.

"हिला चेंडू दिसत नाहीये," ती म्हणाली.

"डोळे चांगले आहेत तिचे. तपासून घेतलेत आम्ही."

"डोळे चांगलेच आहेत हो. पण माणसाचा एक डोळा मालक असतो आणि दुसरा त्याच्या हाताखाली काम करतो. बाळ, इकडे ये."

तिने टिटवीला दोन्ही हात लांब करायला लावले. तळहातांच्या मध्ये छोटंसं भोक ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. "आता डावा डोळा मीट."

"दिसतंय."

"आता डावा उघड, उजवा मीट."

"गेलं!"

"उजवा मालक," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही हिला अशी आडवी उभी करता, तेव्हा नेमकं त्याच्यासमोर नाक येतं. आमच्या घराण्याचं नाक आहे, काही कमी नाही."

एक पोरगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. सगळ्या मास्तरांकडे बघायला लागल्या. बॅट कुठून धरतात हे जिला माहीत नाही, ती मला शिकवणार, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. उद्या बघू म्हणून वेळ मारून नेणंही सोपं होतं. पण उद्या ही पोरगी येणार नव्हती.

मास्तर वाकले. गुडघा कटकन वाजला. खिशातल्या रुमालाने त्यांनी रेघ पुसून टाकली.

"आलीस तेव्हा उभी राहायचीस, तशी राहा."

पहिला चेंडू हुकला. दुसरा बॅटच्या कडेला लागून उडाला. तिसरा समोरच्या पत्र्यावर असा धाडकन बसला की कानठळ्या बसल्या. टिटवी स्वतःच दचकली आणि मग हसता हसता रडायला लागली.

मास्तरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "नीट ऐका. हिचं उभं राहणं बरोबर होतं. ते मी बिघडवलं. दीड महिना ही रडली, ती माझ्यामुळे."

एवढंच बोलले. सारवासारव नाही, आडवळण नाही. तीस वर्षं ज्याचा शब्द इथे शेवटचा, त्याने बारा पोरींसमोर असं म्हणायला छाती लागते. टिटवीने बाकावरचा शर्ट उचलला आणि अंगातल्या कपड्यांवरच चढवला.

"मालक डोळा असा नाकाआड जाणारे बरेच असतात का हो?" मावशी निघताना मास्तरांनी विचारलं.

"असतात की. कोणी मान वळवून भागवतं, कोणी तक्रार करतं. कोणी काही बोलतच नाही."

पोरी पुन्हा खेळायला लागल्या. मास्तर मात्र बाकावर बसून राहिले. पंधरा वर्षांपूर्वी एक मुलगा असाच पुढचा पाय बाहेर काढून उभा राहायचा. सांगून ऐकत नाही म्हणून त्यांनी त्याला संघातून काढलं होतं. आता तो गॅरेज चालवत होता. रस्त्यात भेटला की अजूनही आधी तोच हात करायचा. मास्तरांनी फोन काढला.

"मी मास्तर बोलतोय. तुझा तो पाय बरोबर होता रे. चूक माझी होती. तुला काढायला नको होतं."

पलीकडे हातोडीचा आवाज येत होता, तो थांबला.

"मास्तर, जरा थांबा हं, फोन स्पीकरवर टाकतो. बायको इथेच आहे. मला खेळता येत होतं म्हणून किती वर्षं सांगतोय तिला."

मास्तरांनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी चांगलं मोठ्याने.