मंजिरीचा ठिपका

परभणीला बचतगटाच्या प्रदर्शनात दीपिकाचा स्टॉल उद्या लागणार होता आणि दोन डझन अंडी अजून रंगात बुडवायची होती. सुईनं भोक पाडून तिनं ती कालच रिकामी केली होती. टाचणीच्या डोक्यानं वितळलेल्या मेणाचे ठिपके द्यायचे, अंडं निळ्या रंगात बुडवायचं आणि वाळल्यावर मेण पुसायचं. खाली ठिपके पांढरे राहतात. मागच्या खेपेला तुळशीच्या नक्षीची अंडी सगळ्यांत आधी संपली, म्हणून यंदा सगळ्यांवर तुळसच काढली होती. शेरडं बांधून सासू, सुगंधाबाई, जवळ येऊन टेकली. तिनं एक अंडं उचललं आणि आपलं मनगट त्याच्याशेजारी धरलं. "हे तर माझं गोंदण हाय." "हो आत्या, तुमच्या हातावरनंच उतरवलंय." "अन् इकायलीस?" दीपिकानं मान हलवली. "सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातंय. मेल्यावर बाईसंगं गोंदण तेवढं जातंय. ते कुणी इकतंय व्हय?" दीपिकानं हातातलं अंडं खाली ठेवलं. "मग नको नेऊ?" सासूनं आपल्या हातातलं अंडं उजेडाकडं फिरवून ठिपके मोजले. हातावर होते तेवढेच, अकरा. मग तिनं नखानं सगळ्यांत वरचा, मंजिरीचा ठिपका खरडून काढला, अंडं दीपिकापुढं ठेवलं आणि दुसरं उचललं. "बुडव आता. धा जाऊ दे लोकांच्या घरी. ह्यो एक माझ्यासंगं येऊ दे."