हिरवा ठिपका

वाटीवर चमचा आपटला, टण्ण, आणि सकाळची शांतता फुटली.

"आई, बाबा आला," टिकली म्हणाली. टेबलावर उभ्या ठेवलेल्या फोनमध्ये, ऑफिसच्या यादीत, बाबाच्या फोटोशेजारी हिरवा ठिपका उगवला होता. नऊ वाजले होते.

"आला ना? मग घे घास," आई म्हणाली. तिची नजर लॅपटॉपवरून हलली नाही.

हा रोजचा शिरस्ता होता. ठिपका उगवला की पहिला घास. बाबाशी बोलायचा हट्ट धरला, तर 'तो कामात आहे' एवढं उत्तर तयार असे. टिकलीला घड्याळ कळत नव्हतं, ठिपके मात्र कळत. आईचा ठिपका राखाडी झाला की आईचं ऑफिस सुटलं, आता आई आपली. बाबाचा ठिपका ती झोपायला जाईपर्यंत हिरवाच असे.

"बाबा किती काम करतो," ती मोठ्या माणसासारखी म्हणाली.

आईचं काम गर्दी जमवायचं होतं, तीही खोट्या माणसांची. दुकानदारांच्या मागण्या आणि गोदामं सांभाळणारी आई-बाबांच्या कंपनीची प्रणाली दूरच्या सर्व्हरवर चाले. खरी गिऱ्हाईकं यायच्या आधी आई चार हजार खोटी गिऱ्हाईकं एकदम आत सोडी आणि प्रणालीला कुठे धाप लागते ते बघे. खोटा माणूसही माणसासारखाच वागला पाहिजे, अडखळला पाहिजे, मध्येच थांबला पाहिजे. ते थांबे पेरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पान दोन सेकंदांत उघडायला हवं होतं. तीन आठवडे झाले, नऊ लागत होते. आज बाराला शेवटची चाचणी. ती फसली तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जाणार आणि त्यामागोमाग तिची पाच जणांची तुकडी घरी. तिची नोकरी गेली तर हे घर गेलं, टिकलीची शाळा गेली.

फोन वाजला. तुकडीचे प्रमुख होते. काहीही सांगताना फळ्यापुढे उभे असल्यासारखे बोलत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"अगं, चोर सापडला. घरचाच निघाला."

"कोण?"

"नावं झाकलेली असतात, नुसता क्रमांक दिसतो. शेवटी बहात्तर. रोज नऊच्या ठोक्याला येतो, जुन्या निरोपांचं गाठोडं उघडतो, फोटो काय, आवाज काय, आणि दर चार मिनिटांनी तेच पुन्हा मागतो. त्याच्यापायी बाकीचे रांगेत."

"असेल कुणी कामसू."

"रविवारीसुद्धा? माणूस असता तर चहाला उठला असता, पेंगला असता. हा सेकंदाने चुकत नाही. कुणीतरी आपोआप चालणारी स्क्रिप्ट लावून ठेवलीय, आणि लावणाराही कच्चा. थांबे घालायलाच विसरला. तू असतीस तर घातले असतेस."

"घातले असते," ती म्हणाली.

"शोध आणि बंद कर. खातं पुसायच्या भानगडीत पडू नकोस. नव्वद दिवस कुणी फिरकलं नाही की ते आपोआप पुसलं जातंच."

"दुपारनंतर केलं तर?"

"दुपारनंतर आपणच नसू, बाई. पाच चुली आहेत."

तिने आधी बाकी सगळं करून पाहिलं. शोधाची वाट आखूड केली, सर्व्हरची ताकद वाढवली, फालतू कामं बाजूला सारली. नवाचे सहा झाले. सहाचे चार. मग आकडा हटूनच बसला, काही केल्या खाली येईना. साडेअकरा वाजले. पावणेबारा.

सर्दीमुळे शाळेला दांडी मारलेली टिकली फोनपुढे चित्र धरून उभी होती. "बाबा, हा हत्ती आहे. सोंड नंतर काढीन." तिने नाक वर ओढलं. ठिपका हिरवा होता.

आईने एक छोटी फाइल उघडली. शोधावी लागली नाही. चौदा महिन्यांपूर्वी ऑफिसचा माणूस एका पिशवीत बाबाचा डबा, चष्मा आणि ओळखपत्र घेऊन दारात आला होता, चपला न काढता बोलला होता आणि खाली मान घालून गेला होता. त्याच आठवड्यात, खातं पुसलं जाऊ नये म्हणून, तिने ही स्क्रिप्ट लिहिली होती. थांबे घालायला ती विसरली नव्हती. त्या एका संध्याकाळी बाबाला यायला उशीर झाला होता, आणि तो उशीर संपलाच नाही. पुन्हा उशीर करणारा माणूस तिच्या हातून लिहून होईना.

तिने 'बंद' दाबलं.

बाराच्या चाचणीत पान एक पूर्णांक आठ सेकंदांत उघडलं. मास्तरांचा एका शब्दाचा निरोप आला, 'सुटलो.'

टिकली हत्ती टाकून तिच्याकडे धावत आली. तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. इतका आनंद टिकलीच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत दिसला नव्हता.

"आई, बाबाचा ठिपका राखाडी झाला. ऑफिस सुटलं त्याचं. घरी यायला आता किती वेळ लागेल?"