परातीत उरलेली बाजरी

विंझरच्या माळावर प्रेरणा रानउंदरांचा अभ्यास करायची. रोज संध्याकाळी दोन परातींत वाळूत सारखीच बाजरी मिसळून ती एक परात झुडपाखाली आणि दुसरी उघड्यावर ठेवी. सकाळी झुडपाखालची बाजरी संपलेली असे, उघड्यावरची निम्मी तशीच. आज ती हे वस्तीवरच्या धोंडाबाईंना समजावून सांगत होती.

"उघड्यावर घुबड झडप घालतं, आजी. मग भूक असली तरी उंदीर तिथून लवकर उठतात. जिथं भीती जास्त, तिथं दाणे जास्त उरतात."

"ह्यासाठी कालेज शिकावं लागतं व्हय?" धोंडाबाई हसल्या. "पोटापरीस जीव मोठा, येवढी अक्कल पांडुरंगानं उंदरालाबी दिलीया."

तेवढ्यात त्यांची नात शिवानी करवंदांची पाटी घेऊन घळीतून वर आली. परवाच त्या घळीत बिबट्या दिसला होता. इकडे वाटेलगतच्या फार्महाऊसजवळची जाळी करवंदांनी काळी झाली होती. यंदा तिला एकाही पोरीनं हात लावला नव्हता.

धोंडाबाईंचं हसू ओसरलं.

"शिवाने, जवळची जाळी सोडून तिकडं मरायला कशापायी जाती गं?"

शिवानीनं पाटी खाली ठेवली.

"बिबट्या फाटकात उभं राहून नावानं हाका मारत न्हाई, आजी."