यादीतली नावं

बाबांच्या गळ्यात अडकवलेल्या बटणाचा कोड माझा. त्यांनी ते दाबलं की 'बेल' नावाचा इव्हेंट, म्हणजे इशारा, सुटायचा आणि यादीत ज्यांची नावं असतील, त्यांचे फोन वाजायचे. दादा, ताई आणि मी. नको असेल त्याला आपलं नाव यादीतून काढता यावं म्हणून एक स्विचही ठेवला होता. यादीत कुणीच नसेल तर प्रोग्राम एररही देत नाही, गप्प बसतो.

सोमवारी मीटिंगपुरती माझी बेल थांबवायला मी एक ओळ लिहिली. घाईत त्यात माझं नाव द्यायचं राहिलं, आणि नाव नसलं की ती ओळ सगळ्यांनाच यादीतून काढते. त्याच दुपारी बाबा बाथरूममध्ये पडले. शेजारच्या काकू येईपर्यंत तीन तास तसेच पडून होते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी दोघांना सगळं सांगून टाकलं.

"तरीच! माझा फोन वाजलाच नाही," दादा म्हणाला.

"तुझ्या भरवशावर राहिलो गं आम्ही," ताई म्हणाली.

मी घरी येऊन कोड दुरुस्त करायला बसले, सगळ्या नोंदींचा लॉग उघडला. बाबांनी एकोणीस वेळा बटण दाबलं होतं. वर सरकत सरकत मी माझ्या त्या ओळीपर्यंत आले.



त्या ओळीने यादी रिकामी केली, तेव्हा यादीत एकच नाव उरलेलं होतं. माझं.