अप्पांचं बोलणं

अर्धांगवायूत वाचा गेल्यापासून अमृतप्पा जुन्या कॉम्प्युटरवर डाव्या हातानं एकेक अक्षर टाइप करून बोलायचे. तोच बंद पडला, म्हणून मुलगा अनिलकुमार आणि सून शैलश्री त्यांना घेऊन हुमनाबादच्या दुकानात आले. "दुरुस्त हुईल अण्णा, पण वरीसभरच चालंल. नवाच घ्या," दुकानदार म्हणाला. "वरीसभर बास हाय की," अनिलकुमार बोलून गेला, आणि अप्पांनी मान खाली घातलेली दिसताच आपण काय बोललो ते त्याला उमगलं. शैलश्री पुढं झाली. "नवाच द्या. अप्पांला अजून लई बोलायचं हाय." घरी आल्यावर अनिलकुमार ओसरीवरच बसून राहिला, जेवायला हाक मारली तरी उठेना. आत अप्पा नव्या कॉम्प्युटरवर बराच वेळ अक्षरं शोधत होते. शेवटी शैलश्री पडद्यावरचं वाचून बाहेर आली. "अप्पा म्हणायलेत, अनिल जेवल्याबिगर मी बी जेवणार न्हाई."