चौकटीतला पुरावा

विज्ञानात माणूस मोठा नसतो, पुरावा मोठा असतो. सरांच्या प्रयोगशाळेत तो खिडकीएवढा मोठा होता आणि त्याला लाकडी चौकट होती. सहायक रोज सकाळी त्याची काच पुसत असे.

पुरावा म्हणजे एक छायाचित्र. तांब्याचा मिश्रधातू रोलरखाली लाटला की आतले स्फटिक चेंगरून लांबुडके होतात. मग तो तापवला की एक तर नवे, ऐसपैस स्फटिक उगवतात. नाहीतर आत विरघळलेला धातू बारीक कण होऊन बाहेर पडतो आणि नव्यांची वाट अडवून बसतो. आधी कोण, यावर इतरत्र वाद होता. सरांकडे नव्हता. छायाचित्रात नवे स्फटिक ऐटीत पसरले होते, आणि सरांनी ते तरुणपणी स्वतः टिपले होते.

सरांच्या विद्यार्थिनीने तापवलेल्या मिश्रधातूच्या पट्टीत मात्र दरवेळी कणच आधी हजर. प्रबंधावर सरांची सही आजच हवी होती. तिला लागलेली नोकरी उद्यापर्यंतच थांबणार होती. सरांनी तिला आधी भट्टी तपासायला सांगितली, मग हात, मग निष्ठा.

सहायकाचेही असेच झाले होते. एकेकाळी तोही इथे संशोधन करत होता. त्याचेही स्फटिक कधी उगवले नाहीत, तेव्हा सरांनी ते संशोधन बंद करून मोठ्या मनाने त्याला सहायक म्हणून चिकटवून घेतले. ही हकीकत सर पाहुण्यांना सांगत. चहा तोच देत असे.

"आज हिला एकदा दाखवूनच टाकतो," सर म्हणाले आणि त्यांनी कपाटातून मूळ नमुना काढला. राळेच्या चकतीत गोठवलेली पट्टी, वर शाईची खूण. सहायकाने चकती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पडदा सुरू केला. खुणेपाशी तेच स्फटिक, तीच ऐट. सर खुर्चीत मागे रेलले.

"बघ. नुसते डोळे असून भागत नाही."

ती बघत राहिली. मग तिने चकती केसभर सरकवली. पडद्यावर राळेची काळी रेघ आली. रेघेपलीकडे चेंगरलेले, लांबुडके स्फटिक होते आणि त्यांच्यात ठाण मांडून बसलेले बारीक कण. हुबेहूब तिच्या पट्टीसारखे.

"सर," ती हळू म्हणाली, "पट्टी ही आहे. मघाशी दिसली ती चिमटी."

राळ ओतताना पट्टी कलंडू नये म्हणून तिला तांब्याच्या पत्र्याची चिमटी लावतात. पत्रा नीट वाकावा म्हणून तो आधी तापवून मऊ करतात. शुद्ध तांबे; त्यात नव्या स्फटिकांची वाट अडवायला कोणी नसते. चिमटीचे छायाचित्र सहसा कोणी काढत नाही.

सरांनी चकती मागे सरकवली, पुढे सरकवली, पुन्हा मागे. त्यांचे कान लाल झाले. सहायक पडद्याकडे बघत होता, कामापुरते बघायला लागते त्यापेक्षा जास्त वेळ.

"सही कुठे करायची?" सरांनी विचारले. तिने बोट ठेवले. कागद छातीशी धरून ती जवळजवळ पळतच गेली.

खोलीत दोघे उरले. सरांनी चष्मा पुसला, चढवला, पुन्हा काढला.

"तुझ्या पट्टीत तेव्हा..."

"कणच होते, सर."

सहायकाचे केस पिकले होते. सर भिंतीकडेही बघेनात.

"ते उतरव तेवढं."

सहायक स्टुलावर चढला. चौकट उतरवून त्याने भिंतीवरून हात फिरवला.

"मागे ओल आलीय, सर. पोपडे सुटलेत. उघडं फार वाईट दिसेल."

सरांनी चकती कपाटात ठेवून दिली.

"लाव मग."

सहायकाने पुरावा परत लावला, सरळ केला आणि फडक्याने काच पुसली.